डाळिंबी साडीवरची हिरवी फुलं

वर्ध्याच्या बाजारातल्या प्रभाकररावांच्या मॅचिंग सेंटरमध्ये बसणारी त्यांची मुलगी सुरभी रंगात कधी चुकत नाही, हे पार सेलूपर्यंतच्या बायकांना ठाऊक होतं. सेलूच्याच निकेशला मात्र नव्हतं. तो आला होता चष्म्याची काडी बसवून घ्यायला. चष्मेवाल्यानं तासाभरानं यायला सांगितलं, हातात आईनं दिलेली साडीची पिशवी होतीच, म्हणून तो शेजारची पायरी चढला.

"यावर ब्लाऊजपीस पाहिजे," चष्म्याविना डोळे बारीक करत तो म्हणाला. "हिरवं. आईनं सांगतलं, फुलांच्या रंगाचं."

सुरभीनं साडी उलगडली. गर्द डाळिंबी रंग, आणि त्यावर बोटाच्या पेराएवढी नाजूक फुलं. ती हसली.

"यात हिरवं कुठंय?"

"आता! हे काय मग?" त्यानं साडी पार नाकाशी नेली. "मी शाळेत सायन्स शिकवतो बरं. चष्मा नसला तरी रंग समजतात मले."

"अस्सं! मग या सर, बाहेर या."

ही तिची रीतच होती. ट्यूबलाइटखाली ती रंग ठरवतच नसे. साडी पायरीवर उन्हात आणायची, आणि जुळवायचा तेवढाच रंग उघडा ठेवून बाकीचं झाकून टाकायचं. शेजारचे रंग मधे तोंड घालतात, असं ती म्हणे. तिनं किमतीचा पांढरा टॅग घेतला आणि दोरा ओवायचं त्याचं भोक एका पाकळीवर टेकवलं. भोवतालचा डाळिंबी रंग टॅगखाली गेला.

"आता पाहा."

निकेश वाकला. भोकात दिसत होता साधा राखाडी धागा. त्यानं टॅग उचलला... फूल हिरवं. परत ठेवला – राखाडी!

"अवं माय..." सर पुटपुटले. आणि मग स्वतःवरच इतके मनापासून हसले की समोरचा भाजीवाला वळून बघायला लागला.

सुरभीला तिथंच तो आवडला. रंगावरून हुज्जत घालणारे पुरुष तिनं पुष्कळ पाहिले होते. चुकल्यावर असा खुश होणारा हा पहिलाच.

"पोराईले मी हेच पुस्तकातल्या चित्रात दाखवतो," तो म्हणाला, "अन् आईच्या साडीत दिसलं नाई! याच्यात डोळ्याची चूक नसते. मेंदू फसवते. चहूकडून लाल दिसलं की तो सगळ्यातूनच थोडं लाल कमी करते. मग राखाडीत हिरवं वाटते."

"म्हणजे मेंदू खोटारडाच म्हणा की."

"नाई नाई! लय हुशार आहे तो. दिवेलागणीला सगळा उजेड पिवळा असते, तरी पांढरं धोतर आपल्याले पांढरंच दिसते ना? ते त्याच्याच भरवशावर. नाईतर सकाळी पाह्यलेला चेहरा संध्याकाळी ओळखू आला नसता."

"तुमचा नाई विसरायची मी," ती पटकन बोलून गेली, आणि मग ब्लाऊजपीससाठी राखाडी रुबिया कापडाचं थान शोधायच्या निमित्तानं बराच वेळ पाठमोरी राहिली.

त्यानंतर सरांना वर्ध्यात फार कामं निघू लागली. कधी गॅदरिंगसाठी रिबिनी, कधी नुसताच दोरा. खिशात दर वेळी चित्राची एक गंमत असायची – दोन सारखेच चौकोन, पण एक उजळ नि एक काळपट दिसणारे. नाहीतर एकाच पिवळ्या रंगाच्या पट्ट्या, दोन वेगळ्या भासणाऱ्या. सुरभी ओळखायला जाई, कधी फसे, कधी नाही. तिनं बरोबर ओळखलं की तो असा कौतुकानं बघे की तिला ओढणी सारखी करावीशी वाटे. प्रभाकरराव गल्ल्यावरून खोकत.

"चित्र दाखवायले सेलूवरून येता का तुम्ही?" तिनं एकदा विचारलंच.

"चित्र तर..." तो अडखळला. "चित्र घरीही पाहता येते."

पुढचं न सांगताच तो दोऱ्याचे पैसे देऊन पायरी उतरला. ती वाट बघत राहिली.

आणि एका दुपारी, दुकान बायकांनी गच्च भरलेलं असताना, एक ठसठशीत बाई पायरी चढून आल्या.

"सुरभी कोण आहे व इथं? मी निकेशची आई." कौशल्याबाईंनी डाळिंबी साडी टेबलावर पसरली आणि तिच्यावर शिवलेलं ब्लाऊज आपटलं. "परवा माझ्या पोरीचा साखरपुडा, दिपालीचं साक्षगंध, अन् हे काय देल्लं तू मले? राखेचं पोतं!"

सुरभीनं पाहिलं आणि तिचे कान तापले. फुलं हिरवी दिसत होती. ब्लाऊज मात्र राखाडीच्या राखाडी. चिमूटभर फुलाला चहूबाजूंनी डाळिंबीचा वेढा होता, म्हणून ते हिरवं भासत होतं. अख्ख्या बाहीला कुठला वेढा? तिनं धागा अचूक जुळवला होता आणि नेसणाऱ्या बाईला विसरली होती. साऱ्या बायका बघत होत्या. आजवर एवढी चूक झाली नव्हती, आणि झाली ती नेमकी ज्या घरात आपल्याला चांगलं म्हणावं असं तिला मनापासून वाटत होतं, त्याच घरासाठी!

"काकू, चूक माझीच आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, तुमाले कोणतं हिरवं दिसते ते."

तिनं आपली रीत बाजूला ठेवली. साडी सबंध उघडून कौशल्याबाईंच्या खांद्यावर टाकली, आरसा समोर केला आणि एकेक थान त्यांच्या दंडाला लावत गेली. पोपटी नको, शेवाळी नको... फिकट मेंदीच्या रंगावर बाईंचा चेहरा खुलला.

"हां! हेच तर म्हणून राह्यली होती मी."

"आमचे टेलर उद्या शिवून देतात. मी स्वतः लक्ष देते."

कौशल्याबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "माझ्या पोराच्या तोंडी जेवतानाही एकच – सुरभी कधी चुकत नाई. चुकते ना! पण चुकली तर झटकन कबूल करते, हे नाई सांगतलं त्यानं मले."

दुसऱ्या दिवशी ब्लाऊज न्यायला निकेश आला. सुरभीनं त्याच्याकडे न बघताच पिशवी पुढं सरकवली.

"रागावल्या?"

"कालची नाचक्की ऐकली असंन ना तुम्ही."

"मले आधीच माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "ब्लाऊज शिवून आलं, आईनं हातावर धरून पाह्यलं, तवाच समजलं का नाई जमत."

"मग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर मीच येऊन बदलून नेलं असतं. आई कशाले आली असती?" त्यानं चष्मा काढला, उगीचच पुसला. "अन् आईनं तुमाले पाहावं असं मले... लय दिवसांपासून..."

सुरभीचा जीव एकदम हलका झाला. आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

"सगळ्या बायकांसमोर बोलणी खाल्ली मी! अन् तुम्ही मुद्दाम गप्प बसले?"

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो. हे नाई सुचलं मले. काय करू, सांगा."

"बोलणी जशी सगळ्यांसमोर बसली, तशी माफीही सगळ्यांसमोर मागा. बाबाले ऐकू जाईल अशी."

आजही दुकान भरलेलं होतं. निकेश गल्ल्याकडे वळला.

"काका, कालची बोलणी सुरभीनं माझ्यापायी खाल्ली. मले माहीत असून मी गप्प राह्यलो. माफ करा." एवढ्यावर थांबायचं होतं. तो थांबला नाही. "आईनं तिले पाहावं म्हणून केलं. मले ती आवडते."

फडफडणारी थानं जागच्या जागी थांबली. एका काकूंनी तोंडाला पदर लावला. प्रभाकररावांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"काय व सुरभी?"

तिनं माफी मागायला सांगितलं होतं, हे मोठ्यानं बोलायला नव्हतं. तिची मान खाली गेली होती. पण उत्तर द्यायला तिनं मान वर केली, आणि आवाजही खाली येऊ दिला नाही.

"मलेही ते आवडतात, बाबा. केव्हापासूनचे." आणि मग निकेशकडे न बघता, "घाई करा, सर. तिकडे काकू ब्लाऊजची वाट पाहून राह्यल्या असतीन. अन् साक्षगंध झालं की त्याईले घेऊन या. आमच्या घरी."