आत येऊ का?

नलूमावशीने दीपेशला बोलावलं ते मोबाइल दाखवायला. दुपारची जेवणं आटोपली होती. होड्या समुद्रावर गेल्या होत्या आणि बोर्ली पंचतनजवळचा तो कोळीवाडा सुस्तावून पडला होता. बाहेर दांड्यांवर बोंबील वाळत होते.

दीपेश नवी मुंबईत एका कंपनीत ॲप बनवायचा आणि सध्या सुट्टीला घरी आला होता. वाड्यासाठीही त्याने एक साधं ॲप करून दिलं होतं. वारा वाढला, बर्फाची गाडी आली, की मोबाइलवर चौकट उघडायची आणि खाली बटणं असायची. घरोघरी ते वापरलं जाई.

"ही बघ," मावशीने मोबाइल पुढे केला. "रोज येते. मी ‘नको’ दाबते. पुन्ना येते."

चौकटीत एकच ओळ होती. ‘आत येऊ का?’ खाली दोन बटणं. ‘ये’ आणि ‘नको’.

दीपेशला संताप आला. मावशीचे यजमान, चंदरकाका, दोन वर्षांपूर्वी होडी घेऊन गेले ते परत आले नव्हते. एकट्या बाईची अशी कुणी थट्टा करावी? त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. ती ओळ त्याने लिहिलेली नव्हती. कोडमध्ये नव्हती, सर्व्हरवर नव्हती. मग त्याने चौकटींची रांग उघडली. एक बंद झाली की पुढची उघडावी म्हणून ॲपमध्ये त्यानेच ती रांग केली होती. तिच्यातलं एकेका घराचं नाव तो वाचत गेला.

ही चौकट वाड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर उभी होती. सगळे रोज ‘नको’ दाबत होते, आणि कुणी कुणाला एका शब्दाने बोललं नव्हतं. त्याची आईसुद्धा.

बाहेर वारा पडला. बोंबलांवरचे कावळे कधी उडून गेले ते कळलंच नाही. खाडीच्या तळातला कुजका चिखल वर काढावा तसा वास घरात पसरू लागला.

दीपेशने भराभर बदल केला. आपण न लिहिलेली कुठलीही चौकट उघडण्याआधीच बंद व्हावी, एवढंच. नवं ॲप त्याने सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवून दिलं. मावशीची चौकट क्षणभर थरथरली आणि नाहीशी झाली.

"गेली. आता कुणालाच दिसणार नाही."

"दिसणार न्हाय," मावशी हळूच म्हणाली. "पण उत्तर काय गेलं?"

"उत्तर कशाला? चौकट आपोआप..."

त्याला आठवलं. वाऱ्याच्या इशाऱ्याला लोक बटणच दाबत नसत, म्हणून त्याने सोय केली होती. चौकट उत्तराविना बंद झाली, की पहिलं बटण दाबलं असं धरायचं.

पहिलं बटण ‘ये’ होतं.

"मावशी... काका असतील तर..."

"तुझे काका न्हाय ते." मावशीचे ओठ पांढरे पडले होते. "ते या घरात कवा इचारून आले काय? ते असते तर मी पयल्याच दिवशी ‘ये’ म्हटलं असतं."

ती उठली, उंबऱ्यात जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरली. दीपेश बदल मागे घ्यायला धडपडत होता, पण स्क्रीनवर एकेका घराचं उत्तर उमटतच होतं. ये. ये. ये.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आई होती.

"दीपेश, तुझ्याकडलं कोण आलंय रे? तुझंच नाव घेतंय. ओलंचिंब हाय... मी पाट दिलाय बसायला."

"आई, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता!"

"अशी कशी येऊ? पाणी तरी दिऊ दे... थांब हां. दार लावतंय ते."

मावशीला ओलांडून दीपेश अनवाणीच धावत सुटला. फोन कानाला तसाच होता. आईचा आवाज थांबला. मग लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला, सावकाश, शेवटपर्यंत.

त्या दाराची आतली कडी गणपतीतच तुटली होती. नवी त्याने सकाळीच बोर्लीच्या बाजारातून आणली होती, आणि ती अजून त्याच्या खिशात होती.