श्वास कापणारी

“माझे श्वास कापणाऱ्या त्या तुम्हीच ना?”

मी हेडफोन काढले. दारात एक उंच माणूस, हातात कॉफीचे दोन कप. अगंबाई, हा तर आमचा कथावाचक! कित्येक महिने रोज माझ्या कानात बोलत होता, चेहरा मात्र आज दिसला. बरा होता.

“हो. पगार त्याचाच मिळतो,” मी म्हटलं. दिवसभर ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला आलेला, गोड बोलायचं त्राण कुठून आणू?

आमची कंपनी मोबाईलवर प्रेमकथा ऐकवते. वाचणारा क्षणभर थांबला की ऐकणारे पळतात आणि त्यांच्यामागे जाहिराती, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून वाचकाचा प्रत्येक श्वास, प्रत्येक थांबा मी कापून टाकायचा. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं.

“एखादा तरी ठेवा हो,” तो म्हणाला. “नायक प्रेमात पडलाय की बस पकडतोय, काही कळत नाही.”

मला खुदकन हसू आलं. मेलं किती दिवसांनी आलं!

मग तो रोजच येऊ लागला. मी कापायची, तो शेजारी बसून कण्हायचा.

“हाही गेला?”

“गेला.”

“दुष्ट आहात.”

“आणि तुम्ही भारी चिकट.”

“चिकट नाही हो... मी...” एवढं बोलून तो नुसता बघत राहायचा. काचेवर पाऊस वाजत असायचा, आणि मी उगाच माऊस हलवत बसायची.

शेवटच्या भागात नायक विचारतो, “येशील माझ्याबरोबर?” आणि नायिका हो म्हणते. या दोन्हींच्या मध्ये तो असा काही थांबला होता की माझाच श्वास अडकला. नाही कापला मी. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

साहेब उलट खूश! लोकांनी तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला. “कान टवकारून बसतात तिथे,” ते म्हणाले. “साबणाची जाहिरात तिथेच घाल.”

घातली. घातली हो मी, घर माझ्याच पगारावर चालतं. “येशील माझ्याबरोबर?” की लगेच फेस, सुगंध, दोनावर एक फुकट. मग त्या बिचारीचा होकार.

संध्याकाळी तो आला, पण नेहमीसारखा बसला नाही.

“राजीनामा दिला,” म्हणाला. “तुमच्यावर राग नाही. दमलो... बस्स.”

“आणि मी काय करू?” माझा आवाज चिरकला. “दिवसभर तुझं बोलणं कापते आणि घरी जाऊन तेच आठवत बसते. आवडतोस तू मला. नोकरी सोड हवी तर... मला नको सोडूस.”

तो गप्प. बराच वेळ गप्प.

“अरे, बोल ना काहीतरी!”

“लागलीस पुन्हा कापायला?” तो हसला, डोळे मात्र भरलेले. माझी पिशवी त्याने खांद्याला अडकवली. “चल, दमली आहेस. घरी सोडतो. वाटेत सांगतो सावकाश.”

“घरी आई आहे.”

“मग तिलाही सांगतो.”