सरांच्या नावाचं पीठ

मोबाइलचा उजेड बंद करा रे. तोंडं दिसली की मला सांगता येत न्हाई.

झरीचा जीपवाला बजरंग तुमाला ठावं हाय. त्याच्यासमोर घडलेलं हाय हे. सन पंचवीस, पौषाची अमावास्या, बुधवार. शिवप्रसाद सरांना पेडगावला न्यायचं, रात्रभर थांबायचं अन् सकाळी परभणीला सोडायचं, एवढंच भाडं.

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. बावीस वर्षं लोकांच्या घरची भुतं खोटी पाडत फिरले. हुशार माणूस, पण जीभ लय कडू. मला तर त्यांचा रागच यायचा. त्यांची रीत ठरलेली. भूत चालतं म्हणता ना? मग खोलीभर पीठ पसरायचं अन् आतच झोपायचं. सकाळी दिराचं न्हाईतर शेजाऱ्याचं पाऊल सापडायचंच.

पेडगावच्या त्या घरात, नवी सून राजेश्री आल्यापासून, रात्री माजघरात कुणीतरी चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कायमचं माहेरी धाडायचं ठरलं होतं. पोरीनंच चोरून सरांना फोन केलता. घरच्यांनी सरांना पाणीसुद्धा विचारलं न्हाई.

सरांनी पिठाची पिशवी काढली तशी सासू मनकर्णा उसळली. माणूस गेल्यावर आपण दिव्यापाशी पीठ पसरतो, कशाचं पाऊल उमटतं ते बघायला. जित्या माणसांच्या घरात कोण पसरतं?

"कुणाच्या नावानं पसरायलाव तुमी?"

सर चिडले. "माझ्या."

मनकर्णानं देवाला हात जोडले.

सरांनी माजघरात शिरून आतून कडी घातली. दारापासून मागं सरत सरत खाटेपर्यंत पीठ पसरलं अन् आडवे झाले. बजरंगनं खिडकीतून बघितलं अन् ओसरीत जाऊन पडला.

अडीच वाजता पावलं... माजघरात. सावकाश. खाटेपाशी थांबली.

"कोण आहे?" सरांचा आवाज.

मग... काहीच न्हाई.

बजरंग उठला न्हाई. त्याची त्याला अजून लाज वाटती.

उजाडलं. कडी वाजली. सर दारात उभे. हातानंच खुणावलं, बघा. सगळे वाकले. पीठ कोरं. सासऱ्यानं मान खाली घातली, म्हणला, राहू द्या सुनेला. सर जीपमधे जाऊन बसले.

राजेश्री डोळे पुसत झाडू घेऊन आली. उंबऱ्यातच थांबली. मग हळूच म्हणाली, "भाऊ... सर खाटेवरून दारापर्यंत आले कसे?"

बजरंगनं पुन्हा वाकून बघितलं. दारापासून खाटेपर्यंत... एकबी पाऊल न्हाई.

भाईर सर हॉर्न वाजवायलते.