डल्सीच्या नावाची कुपी

फेब्रुवारीतल्या एका दुपारी डॉ. जेराल्डिन किओ न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील आपल्या जन्मगावी निघाली होती. शेजारच्या आसनावर एक लहानशी शीतपेटी होती, पेटीत रक्ताची एक कुपी. फिलोमेना डॉबिनला तिच्या मेलेल्या लेकीचे रक्त परत द्यायचे, एवढेच काम.

शरीर स्वतःलाच शत्रू का मानते, याचे मूळ जेराल्डिन माणसाच्या जनुकांत शोधीत होती. डॉबिनांच्या घराण्यात तो आजार पिढ्यानपिढ्या चालत आला होता. फिलोमेनाची लेक डल्सी त्याचा शेवटचा घास. तिच्या पेशी मात्र प्रयोगशाळेत अजून जिवंत होत्या, वाढत होत्या. त्यांतला जनुकदोष अन्यत्र कोठेही सापडलेला नव्हता.

फिलोमेना दारातच म्हणाली, "ये पोरी. शहरात जेवायला घालतात की नुसती यंत्रंच दाखवतात? काय दशा करून घेतलीस!"

चहा ओतून ती पुन्हा डल्सीच्या रिकाम्या पलंगाशेजारी जाऊन बसली. त्या गावात मृताला मातीत ठेवीपर्यंत क्षणभरही एकटे सोडीत नसत. डल्सीला पुरून तर पानगळ उलटून गेली होती.

"अजून बसतेस, मावशी?"

"अर्धी मातीत, अर्धी तुझ्याकडे. मग उठू कशी? आणलंस ना सगळं? मागं काही राहिलं नाही ना?"

"सगळं आणलंय."

ते खोटे होते. कुपीत जेराल्डिनचे स्वतःचे रक्त होते. रोग्याच्या रक्ताशी ताडून पाहण्यास निरोगी रक्त लागते. संशोधक पुष्कळदा आपलाच दंड पुढे करतात. तशीच एक कुपी तिने उचलली आणि तिच्यावर डल्सीचे नाव चिकटवले. काम संपले की खऱ्या पेशीही पुरू, असे तिने मनाला सांगितले. शिकलेल्या माणसाचे मन लवकर समजूत घालून घेते.

टेकडीवरच्या दफनभूमीत डल्सीच्या कबरीची गोठलेली माती कुदळीने फोडली गेली. धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली. आपल्याच रक्तावर माती पडत असता जेराल्डिन सर्वांबरोबर "आमेन" म्हणाली.

प्रयोगशाळेत परतल्यावर तिने आपले ताजे रक्त काढले व त्यातील पेशी डल्सीच्या पेशींशेजारी सोडल्या. दोन परक्या माणसांच्या पेशी एकत्र आल्या की एकमेकींवर तुटून पडतात. या वेळी तसे झाले नाही. त्या सख्ख्या असल्यासारख्या स्वस्थ राहिल्या.

पूर्वी गोठवून ठेवलेल्या आपल्याच पेशी तिने बाहेर काढल्या आणि त्यांत हे नवे रक्त मिसळले.

सकाळी त्या जुन्या पेशींतील एकही जिवंत नव्हती. तिचेच रक्त आता तिला शत्रू मानू लागले होते.

मग तिची बोटे पांढरी पडू लागली. कशानेही त्यांना ऊब येईना. वसंत लागला तरी बर्फ हटले नव्हते. त्या बर्फातूनच डल्सीच्या उरलेल्या सर्व पेशी घेऊन ती गावी पोहोचली.

फिलोमेना पलंगाशेजारी नव्हती. खिडकीशी उभी होती.

"आलीस? बरं झालं. त्या कबरीत कुणीतरी आहे गं... माझी लेक नाही. लेकीचा आवाज मला ओळखू येतो. ही दुसरीच कुणी. आईला हाक मारत नाही. नुसतं म्हणते, मला इथून काढा..."

"कुणाचा आवाज आहे?"

फिलोमेना तिच्याकडे वळली. "तूच सांग."

जेराल्डिनने पेटी टेबलावर ठेवली आणि गुडघे टेकले. खरे सांगावे, क्षमा मागावी. आता तेवढेच उरले होते. तिने तोंड उघडले. ओठ हलले. खोलीत मात्र शब्द उमटला नाही.

तो टेकडीवरून, तिच्याच आवाजात आला. बर्फाखालून, स्पष्ट...

"मला माफ कर, मावशी..."

फिलोमेनाने खुंटीवरची शाल घेतली, आणि गुडघे टेकलेल्या बाईकडे वळूनही न पाहता ती त्या आवाजाच्या दिशेने चालू लागली.