पाण्यावरचं पिल्लू

रोहण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. चौपन्न सालच्या कार्तिकात मुलांना दाखवायला नेचा हवा होता, म्हणून नाल्यावर गेलो आणि पाणनेच्याचं एक झाड उपटून आणलं. ज्या वळणावर ते सापडलं, तिथंच दोन महिन्यांपूर्वी आम्ही आमचं नऊ दिवसांचं बाळ पुरलं होतं. परतताना मागं वळून पाहायचं नसतं म्हणतात. मी तर पुन्हा तिथंच गेलो. विज्ञानाच्या मास्तराला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही. निदान तेव्हा वाटत नव्हती.

बाळ गेल्यापासून माझी बायको सुनीती बोलेनाशी झाली होती. ताट वाढायची, दार लावायची आणि बाकीचा वेळ रिकाम्या पाळण्याकडे बघत बसायची. ती अशीच हातची जाईल या धास्तीनं मला घास गिळवत नव्हता. तिचं मन कशात तरी रमावं म्हणून शाळेची काचेची पेटी मी घरी आणली. स्वच्छ धुतलेली वाळू, विहिरीचं पाणी आणि मधोमध तो नेचा. तिला समजावून सांगितलं, "जुन्या पानाच्या कडेला पिल्लं फुटतात. ते पान तोडून पाण्यावर तरंगत ठेवायचं. पिल्लाची मुळं बोटभर झाली की त्याला वाळूत लावायचं. फक्त कोंब गाडायचा नाही. गाडला की मरतो."

"गाडायचं नाही," ती म्हणाली. दोन महिन्यांतले ते तिचे पहिले शब्द.

माझा जीव भांड्यात पडला. पंधरा दिवसांत एका पानाला पिल्लू फुटलं. ते पाण्यावर तरंगायचं आणि सुनीती पेटीपाशी बसून गुणगुणायची. मला एवढंच हवं होतं. म्हणून पाण्याला निळसर झाक आली तेव्हा शेवाळ असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. मग भर दुपारी खोलीत ओवा-शेपाच्या धुरीचा वास येऊ लागला. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर देतात, तीच धुरी. चूल थंड होती. शेगडी केव्हाच माळ्यावर गेली होती.

सुनीतीचं बाळंतपण भागाबाईनं केलं होतं. ती एका दुपारी आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"मास्तर, धुरी कोनाले देऊन राह्यले?"

"कोणाला नाही."

तिची नजर पेटीवर गेली. आवाज खाली आला. "हे झाड कुठचं?"

"नाल्यावरचं."

"त्या वळणावरचं...? काऊन आणलं, मास्तर? आजच नेऊन टाकजा. दिवस बुडायच्या आंधी..."

ती आत न येताच गेली. सुनीती विहिरीवर होती. मी बाह्या सरसावून पेटीत हात घातला. पाणी कोमट होतं, अंगाएवढं कोमट. आधी ते पिल्लू उचललं. पानावर जन्मलेलं, पाण्यावर वाढलेलं, वाळूलासुद्धा कधी न टेकलेलं. त्याच्या मुळांभोवती एक दोरा होता.

निळा दोरा. बारशाआधी नजर लागू नये म्हणून बाळाच्या मनगटाला बांधायला घरात काळा दोरा नव्हता, तेव्हा वहीच्या शिवणीचा दोरा मी दौतीत बुडवून बांधला होता. हात भरला की सैल करता यावा म्हणून टोक लांब ठेवलं होतं. त्या दोऱ्यासकटच आम्ही त्याला...

आता टोक उरलं नव्हतं. दोऱ्याचा वेढा माझी दोन बोटं जातील एवढा मोठा झाला होता.

मागं बादली टेकल्याचा आवाज झाला. सुनीती दारात उभी होती. माझ्या हाताकडे पाहून ती हसली, अगदी पहिल्यासारखी. ते हसू घालवायची माझी छाती झाली नाही. मी पिल्लू हळूच पुन्हा पाण्यावर ठेवलं.

"बरं झालं, तुम्हीच पाहिलंत," ती म्हणाली. "हा दोरा आता आखूड झालाय."

मी दौत उघडली. नवा दोरा शाईत बुडवला. या वेळी टोक चांगलं वीतभर लांब ठेवलं.