शेवटच्या प्रकरणाचं कुलूप

नाशिकच्या वाचनदृष्टी प्रयोगशाळेत त्या दुपारी एका दिवंगत बाईच्या डोळ्यांना कादंबरी वाचायला दिली होती आणि ते डोळे काही केल्या धड वाचत नव्हते.

बाई म्हणजे केतकी सबनीस. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. पडद्यासमोर बसला होता तो तिचा नवरा, प्रयोगशाळेचा प्रमुख डॉ. पराग सबनीस. शेजारी त्याची सहकारी डॉ. तहमीना मुजावर. टेबलाच्या कोपऱ्यात परागचा जेवणाचा डबा होता. तो रोज भरून यायचा आणि बहुतेक वेळा भरलेलाच परत जायचा. तहमीना ते रोज बघायची.

माणसाचा डोळा ओळीवर सरळ चालत नाही. तो उड्या मारतो, एखाद्या शब्दापाशी थबकतो, शंका आली की मागे वळतो. प्रत्येकाची ही चाल वेगळी असते. परागच्या चमूने ती टिपणारी वाचनपाटी बनवली होती. हातात धरायची पातळ पाटी, तिच्यावर पुस्तक उमटायचं आणि वरच्या कडेत बसवलेला नेत्रमागोवा वाचणाऱ्याच्या बुबुळांमागे फिरायचा. अशा नोंदी भरपूर साठल्या की यंत्र त्या वाचकाची 'वाचनछाया' तयार करी. मग न वाचलेलं पुस्तक त्या छायेपुढे ठेवलं, तर तो माणूस ते कसं वाचेल हे पानावर फिरणारा प्रकाशाचा ठिपका दाखवून देई.

नोंदी हव्या होत्या तेव्हा परागला भरपूर वाचणारं माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. केतकी दिवसाला एक कादंबरी फस्त करायची. तीही कसली, तर भुताखेतांच्या प्रेमकथा! नायक घाटातल्या अपघातात मेलेला, नायिकेच्या खिडकीत रोज कोणीतरी ओला रुमाल ठेवून जाणार, इस्टेटीवर डोळा ठेवून असलेला चुलतभाऊ आणि तळघरात बंद खोली.

"एवढी एम.एस्सी. झालेली बाई तू," पराग म्हणायचा, "आणि भुतांची लफडी वाचतेस?"

"तुझ्या शोधनिबंधांपेक्षा बरी. या गोष्टींत निदान शेवटपर्यंत कळत नाही काय होणार ते."

शेवट आधी वाचणारा माणूस तिच्या लेखी चोर होता. स्वतःवरही तिचा विश्वास नव्हता. छापील पुस्तक घरी आलं की ती न बघता शेवटच्या प्रकरणाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायची. वाचनपाटीवर चिमटा लागेना, म्हणून परागने शेवटच्या प्रकरणाला कुलूप घालायची सोय करून दिली. परवलीचा शब्द फक्त त्याच्याकडे. बाकीचं वाचून झालं की ती त्याच्यासमोर येऊन उभी राहायची. "उघड." मग तो विचारायचा, खुनी कोण? तिने अंदाज सांगितल्याशिवाय कुलूप निघायचं नाही. बहुतेकदा तिचा अंदाज चुकायचा आणि तिला त्याचाच आनंद व्हायचा.

आजारपण आलं आणि हे थांबलं.

डॉ. खानविलकर परागचे जुने मित्र. दसऱ्यानंतर त्यांनी त्याला एकट्याला बोलावून घेतलं. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, पसरलेला. "केतकीला कळू देऊ नकोस," ते म्हणाले होते. "अल्सर आहे म्हणून सांग." परागने तसंच सांगितलं. आपल्याकडे घरोघर हेच चालतं, रोग्याला कळलं तर तो हाय खाईल म्हणून सगळे दुःख दाबून हसत राहतात. परागही हसत राहिला. न्हाणीघरात नळ सोडून रडायचा आणि बाहेर आला की विनोद सांगायचा. पुढच्या दिवाळीला कोकणात जायचे बेत त्याने तिच्यासोबत केले, खोलीसुद्धा ठरवली. ती गेली त्या सकाळीही तो म्हणाला होता, "दोन दिवसांत घरी जाऊ."

तेव्हापासून एकच गोष्ट त्याला कुरतडत होती. आपण तिला फसवलं. तिला निरोप घ्यायचा असेल, काही बोलायचं असेल, ती संधी आपण खोटं बोलून हिरावली. छाया बनवायची ती एवढ्यासाठीच, हे त्याने तहमीनालाही सांगितलं नव्हतं. त्याला तिच्याबरोबर पुन्हा एक पान वाचायचं होतं आणि जमलं तर मनातल्या मनात माफी मागायची होती.

पण छाया जुळत नव्हती. ठिपका एका पानावर हरणासारखा धावे आणि पुढच्याच पानावर रेंगाळे.

"सर, यंत्र बिघडलेलं नाही," तहमीना शेवटी म्हणाली. "या नोंदींमध्ये वाचक दोन आहेत."

"पाटी तिच्याशिवाय कोणी हातात धरली नाही."

"डोळे त्यांचेच आहेत. पण एका ठरावीक काळाआधीच्या केतकीताई वेगळ्या आणि नंतरच्या वेगळ्या. दोघींची सरासरी काढायला गेलो म्हणून छाया अशी वेडीवाकडी चालतेय. हे बघा." तिने दोन आलेख शेजारी ठेवले. "दार करकरलं, जिन्यावर पावलं वाजली, अशी ओळ आली की पूर्वी त्यांचा डोळा पुढच्या परिच्छेदाकडे झेपावायचा. आपण याला 'धाव' म्हणतो. नंतरच्या नोंदींत धाव नाहीच."

"आजारी होती ती. थकवा असणार."

"थकव्याने डोळा सगळीकडेच मंदावतो. इथे बाकीचा वेग पहिल्यासारखाच आहे, फक्त धाव तेवढी गेली." तहमीनाने मान खाली घातली. पुढचं बोलणं तिला जड जात होतं. "सर, मी रुग्णालयातल्या वाचकांवर काम केलं होतं, आठवतं? त्यातले निम्मे असे होते की घरच्यांनी त्यांच्यापासून आजार लपवला होता."

परागला आठवत होतं. त्या निबंधावर त्यानेच सही केली होती. पुढे काय होणार ही भूक माणसात एकच असते, गोष्टीसाठी वेगळी आणि आयुष्यासाठी वेगळी अशी नसते, हे त्यात सिद्ध झालं होतं. ज्यांना स्वतःचा शेवट कळला होता, त्यांची धाव थांबली होती, मग हातात पुस्तक कोणतंही असो. ज्यांना कळला नव्हता ते दुखण्यातही तितक्याच अधीरपणे वाचत होते. ही खूण एकाही वाचकाच्या बाबतीत चुकली नव्हती.

"म्हणजे तिला कळलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तहमीनाला पुढे वाकावं लागलं. "कधी? शेवटी शेवटी?"

"नाही सर. नवरात्रात."

"शक्य नाही. मलाच दसऱ्यानंतर कळलं."

 तहमीनाने आलेख त्याच्याकडे सरकवला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सुरू केलेल्या कादंबरीत पहिली काही प्रकरणं केतकीचा डोळा नेहमीसारखा धावत होता. मधे एक दिवस पाटी बंद होती. त्यानंतर ती पुन्हा उघडली तेव्हापासून धाव नव्हती.

परागने तिथूनच खानविलकरांना फोन लावला. नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत तो पडलाच नाही.

"नवरात्रात केतकी तुझ्याकडे आली होती?"



"तिने शपथ घातली होती रे मला," खानविलकर म्हणाले. "एकटीच आली. रिपोर्ट पहिला तिनेच वाचला. म्हणाली, परागला तुम्ही सांगा, आणि मला कळू द्यायचं नाही असंही बजावा. मी म्हटलं, हा काय पोरखेळ? तर म्हणाली, त्याच्यासमोर मी रडले तर तो कोसळेल. माझ्यासाठी नाटक करायचं असेल तर निदान उभा राहील, हसेल, चार घास खाईल. मला ते पटलं नव्हतं, पराग. पण तिच्यापुढे कोणाचं चाललंय?"

परागने फोन ठेवला. सहा-सात महिने एकाच घरात, एकाच पलंगावर दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. तो न्हाणीघरात नळ सोडत होता, तेव्हा ती बाहेर बसून ऐकत असणार. तिला कोण रडू देत होतं? कोकणातल्या खोलीला समुद्राकडची खिडकी हवी म्हणून ती त्याच्याशी भांडलीसुद्धा होती. कुठल्या काळजाने भांडली असेल?  आपण तिला फसवलं याचं दुःख तो वर्षभर कवटाळून बसला होता, आता तेही उरलं नाही. त्यापेक्षा मोठं काहीतरी त्याच्या वाट्याला आलं होतं.

आणि त्याला कुलूप आठवलं. त्या महिन्यांत तिने एकाही पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उघडून मागितलं नव्हतं. तो आपणहून विचारायचा, उघडू का? ती म्हणायची, "राहू दे. मजा राहते." त्याला वाटायचं, दमली असेल. खरं म्हणजे यावेळी शेवट आधी तिने वाचला होता आणि तो वाचल्याचं लपवून चिमटा तिने त्याच्या पुस्तकाला लावला होता.

"धाव नव्हती," त्याने डोळे पुसत विचारलं, "तर मग तिचा डोळा थांबायचा कुठे?"

"ते मी काढलंय. पण त्याचा अर्थ मला लागला नाही. पूर्वी त्या भूत यायच्या जागी थांबायच्या, पहिल्या भेटीच्या जागी थांबायच्या. नंतर मात्र अगदी बिनमहत्त्वाच्या ओळींवर." तिने वाचायला सुरुवात केली. "'त्याने स्वतःसाठी चहा टाकला.' 'कुलकर्ण्यांच्या घरून तिला ताट आलं.' 'रात्री त्याला झोप लागली.' या ओळी त्यांनी पुनःपुन्हा वाचल्यात. कादंबरीत मागे राहिलेलं जे माणूस असतं ना, त्याच्या खाण्यापिण्याच्या सगळ्या ओळी."

परागला अर्थ लागला. त्याच महिन्यांत तिने त्याला स्वयंपाक शिकवला होता. "अल्सरवाल्या बाईला ओट्यापाशी उभं राहवत नाही," असं म्हणून खुर्चीत बसून हुकूम सोडायची. फोडणी करपली की खो खो हसायची. आमटीत आमसूल कधी घालायचं, कुकरच्या शिट्ट्या किती, भाजीवाला वजनात कसा मारतो. त्याला वाटायचं, बायको आळशी झाली. तो चिडायचाही.

"तहमीना, नंतरच्या नोंदींचीच छाया करता येईल? पहिल्या वगळून?"

"येईल. काय वाचायला देऊ?"

"तिचं शेवटचं पुस्तक. 'ताटावरचा पाहुणा'. त्याचं शेवटचं प्रकरण अजून बंद आहे."

परवलीचा शब्द त्याने स्वतः घातला. कुलूप निघालं आणि पानावर ठिपका उमटला. या खेपेला तो अडखळला नाही. केतकी वाचायची तसाच, ओळीच्या आरंभी किंचित घाई करत तो निघाला आणि पराग त्याच्यामागून वाचू लागला.

प्रकरण भयंकर होतं. चुलतभाऊ पकडला गेला. मेलेल्या नायकाचा, रणजितचा आत्मा मुक्त झाला आणि त्याची बायको मृणालिनी गच्चीत उभी राहून चंद्राकडे बघत अश्रू ढाळू लागली. चंद्रावर पुरती दोन पानं होती. ठिपका ती भराभर ओलांडून गेला. परागला हसू आलं आणि त्याच हसण्यात हुंदका आला. मग सकाळ झाली. मोलकरणीने मृणालिनीपुढे पोह्यांची बशी ठेवली. पुढची ओळ होती, 'तिने ते पोहे संपवले.'

ठिपका त्या ओळीवर थांबला. थांबूनच राहिला.

"अडकलं वाटतं," तहमीना म्हणाली आणि कळफलकाकडे हात नेला.

"अडकलं नाही," पराग म्हणाला. "राहू दे."

ते गणित आहे, केतकी नव्हे, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? गणिताला समोर बसलेला पराग दिसत नव्हता. पण ती ओळ समोर आली असती तर केतकी इतका वेळ थांबली असती, हे मात्र खरं होतं. त्यात खोट नव्हती.

त्याने कोपऱ्यातला डबा ओढला आणि उघडला. आमटी गार झाली होती, पोळ्या त्याच्याच हातच्या, जाडजूड आणि कडेला करपलेल्या. त्याने पहिला घास घेतला. त्याने पाणी प्यायलं, नाक पुसलं आणि दुसरा घेतला. तहमीना उठली, तिने स्वतःचा डबा आणला आणि लोणच्याची फोड त्याच्या झाकणात वाढली.

तो खात राहिला. मधेच कधीतरी छायेचा ठरलेला थांबा संपला आणि ठिपका पुढच्या ओळीवर गेला. पुस्तक संपलं तेव्हा परागचं त्याकडे लक्ष नव्हतं. तो पोळीच्या शेवटच्या तुकड्याने डब्याच्या तळाची आमटी पुसून घेत होता.