चौथ्या स्क्रीनचा कोपरा

या मायबापहो, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. देवाशपथ, पदरचं अक्षर घालणार नाही; मी मोजमापाचा माणूस.

कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये माझं काम. खुर्ची किती उंच, स्क्रीन किती लांब, हात कुठवर पोचतो, डोळा कुठं थकतो, हे मोजायचं आणि मांडणी सुधारून द्यायची. वायूच्या एका कारखान्यात माझे भाऊजीच मुख्य ऑपरेटर. ताई म्हणाली होती, "त्यांच्या डोळ्यांवर फार ताण येतो रे. एखादा इशारा नजरेतून सुटला तर? बघ काही."

नजर टिपणारा चष्मा चढवून भाऊजी हसले. "काय मेहुणे, माझी नजर कुठं जाते ते मोजणार? तुमची ताई वीस वर्षं फुकटात तेच करतेय!" बाकीचे तिघं ऑपरेटर खो-खो हसले.

चौघांच्याही चष्म्यांच्या नोंदी मी पाहिल्या. चौघांचीही नजर दर चार मिनिटांनी चौथ्या स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन दोन सेकंद थांबत होती. तिथं काहीच नव्हतं. नुसता करडा रंग.

"भाऊजी, त्या कोपऱ्यात काय बघता?"

"कुठं? मी नाही बघत."

तिघांचंही तेच उत्तर. एकानं मात्र हळूच विचारलं, "चौघंही?"

आमच्या धंद्याचा नियम आहे: नजर आपण होऊन जाते, तिथंच महत्त्वाची गोष्ट मांडावी. मी मांडली. वायुगळतीचा लाल चौकोन त्या कोपऱ्यात नेऊन बसवला. ताईला म्हटलं, आता निर्धास्त राहा.

बाराव्या दिवशी, भर दुपारी, गळती झाली. नव्या मांडणीची माझी तपासणी चालू होती, चष्मे डोळ्यांवरच होते. भोंगा वाजला की आधी बटण दाबून तो गप्प करायचा, मग इशारा शोधायचा, ही तिथली जुनी सवय. भाऊजींनी भोंगा गप्प केला.

चौकोन अकरा मिनिटं लुकलुकत राहिला. चौघांच्या नजरा कोपऱ्याच्या कडेपर्यंत जात आणि मागे फिरत. तापल्या तव्यावरून हात मागे घ्यावा, तशा.

अकराव्या मिनिटाला भाऊजींची नजर आत गेली. तिथंच थांबली.

"आलो," ते म्हणाले. घरातून कुणी हाक मारल्यावर म्हणतात तसं.

उठले. वायूचा मुखवटा खुंटीवरच राहिला.

गळती झाली त्या भागाच्या दारातून आत गेलेले भाऊजी परतले नाहीत.

ताई अजून एकच विचारते, "त्यांना दिसलं नाही का रे?"

खोलीच्या कॅमेऱ्यात तो क्षण आहे. भाऊजी उठताच तिघांनी, मान न वळवता, खुर्च्या सरकवून वाट दिली. एका माणसाला जायला साठ सेंटिमीटर पुरतात. मी पट्टी लावून मोजलं.

त्यांनी एकशे वीस सोडले होते.

देवापुढं हात जोडाल, तेव्हा माझ्या भाऊजींची आठवण काढा. एकट्या भाऊजींची.